चार मिलिग्रॅम आणि एक बाही

सकाळी साडेनऊ वाजता मिलिग्रॅमने अंगठ्याएवढी काचेची व्हायल वजनकाट्यावर ठेवली, काट्याची काचेची दारं लावून घेतली, श्वास रोखला, आणि काट्याने त्याला सांगितलं की व्हायलमध्ये काही नाही. त्याने ती उचलून पुन्हा ठेवली. काटा आपल्या म्हणण्यावर ठाम राहिला. काल दुपारी याच काट्याने याच व्हायलमध्ये तीन पूर्णांक नऊ मिलिग्रॅम पावडर असल्याचं कबूल केलं होतं, आणि त्याखाली वहीत मिलिग्रॅमची झोकदार सही होती.

मिलिग्रॅम हे अर्थातच त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. ते लॅबने ठेवलेलं. एक तर तो अंगाने काडी होता, आणि दुसरं म्हणजे चहात साखर किती असं कुणी विचारलं तर "चार हजार" असं सांगायची त्याला सवय होती. आपण विनोद करतो आहोत असं त्याला कधी वाटलं नाही. विचारणाऱ्याने एकक विचारलं नाही, यात त्याचा काय दोष?

आता हे तीन पूर्णांक नऊ मिलिग्रॅम म्हणजे काय, ते सांगायला हवं. समुद्रात शंकूच्या आकाराच्या सुरेख शंखात राहणारी एक गोगलगाय असते. दिसायला अगदी शोकेसमध्ये ठेवावी अशी, पण शेजारून मासा गेला की ती त्याला सुईसारखा दात टोचते आणि मासा जागच्या जागी गार. तिच्या विषात अनेक पेप्टाइडं असतात, म्हणजे अमिनो आम्लांचे छोटे छोटे धागे. त्यातला एखादा धागा नेमकी वेदनेची वाट अडवतो. मिलिग्रॅमच्या लॅबचं काम असं, की तो धागा कागदावर थोडा बदलायचा, त्यातलं मारकं काढायचं, गुणाचं ठेवायचं, आणि मग एकेक मणी जोडून तो स्वतः बनवायचा. पंचवीस मणी. प्रत्येक मणी जोडला की धुवायचं, तपासायचं, मग पुढचा. शेवटी धागा आपोआप योग्य जागी वळतो की नाही याची देवासारखी वाट बघायची. सहा आठवडे हे केल्यावर हाती येतं ते चिमटीत मावणार नाही इतकं कमी. गोठवून सुकवलं की ते कापसाच्या पिंजलेल्या बोंडासारखं हलकं होतं आणि जरा कुठे वीज साठली की उडी मारतं.

ही पावडर आज दुपारी चारला बर्फाच्या डब्यात बसून दुसऱ्या गावच्या संस्थेत जायची होती. तिथे उद्या सकाळी मज्जातंतूंवर तिची चाचणी होती. ती तारीख मिळवायला विभागप्रमुख मॅडमनी पाच महिने फोन केले होते. उद्याची गेली तर पुढची आणखी पाच महिन्यांनी, आणि तोवर हे काम शेजारच्या गटाकडे जाणार हे मॅडमनी स्वच्छ सांगितलं होतं. शेजारच्या गटाकडे चार माणसं आणि नवं मशीन होतं. मिलिग्रॅमकडे मिलिग्रॅम होता.

तो काट्यासमोर बसून कालचा दिवस उलटा आठवू लागला. पावडर सुकवली, तोलली, झाकण लावलं, फ्रीजरमध्ये ठेवली. हातमोजे होते. ॲप्रन होता. ॲप्रनची बाही मात्र आखूड होती, आणि तिच्यातून स्वेटरची बाही चांगली चार बोटं बाहेर डोकावत होती. सासूबाईंनी विणलेला लोकरी स्वेटर. हवा कोरडी. काल संध्याकाळी घरी तो स्वेटर डोक्यातून काढताना असा तडतडला होता की बायको म्हणाली होती, आता दिवा लावायची गरज नाही.

पावडर बाहीला चिकटून घरी गेली, असा मिलिग्रॅमने हिशेब मांडला. त्याने ॲप्रन खुंटीला टांगला आणि बाहेर येऊन बायकोला फोन लावला.

"माझा स्वेटर कुठे आहे?"

"खुर्चीवर होता. बाबांनी घातला. बागेत जाताना त्यांना गार वाटत होतं."

"घातला? म्हणजे अंगात?"

"नाही, पायात," बायको म्हणाली. "असं काय विचारतोस?"

तिला सगळं सांगायला वेळ नव्हता. त्याने एवढंच सांगितलं, की त्या स्वेटरवर समुद्री विष आहे, काळजीचं कारण नाही, आणि तो येतो आहे. फोन ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं की या तीन गोष्टी एका दमात सांगायला नको होत्या. पण तोवर रिक्षा निघाली होती.

सासरे घरासमोरच्या बागेत नेहमीच्या बाकावर होते. त्यांनी आयुष्यभर सिमेंटच्या गोदामावर काम केलेलं, त्यामुळे टनाच्या खालचं वजन त्यांना वजन वाटत नसे. जावई दिवसभर करतो तरी काय, हे त्यांनी लग्नात एकदा विचारलं होतं. उत्तर ऐकून घेतलं आणि नंतर पुन्हा कधी विचारलं नाही. चार वर्षांपासून त्यांचा उजवा गुडघा दुखायचा, तेवढाच त्यांच्या बोलण्यातला कायमचा विषय. डावीकडे एक निवृत्त हेडमास्तर बसले होते, ज्यांची कंबर धरलेली असे. उजवीकडे एक शिंपीकाका, ज्यांचा खांदा वर जात नसे. रोज सकाळी तिघे आपापलं दुखणं घेऊन यायचे आणि तासभर एकमेकांना ऐकवून हलके होऊन जायचे.

"बाबा, हलू नका," मिलिग्रॅम धापा टाकत म्हणाला. "उजवा हात झटकू नका. कशालाही घासू नका."

सासऱ्यांनी उजवा हात हवेत धरला. शिंपीकाका जरा पलीकडे सरकले.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मिलिग्रॅमने नुसतं "लॅबची पावडर सांडली आहे, स्वेटर द्या" म्हटलं असतं तर तो वीस मिनिटांत परत लॅबमध्ये पोचला असता. पण हेडमास्तरांनी विचारलं, "कसली पावडर?" आणि गेल्या सहा वर्षांत घरातल्या किंवा दारातल्या कुणीही मिलिग्रॅमला हा प्रश्न विचारला नव्हता. तो बाकासमोर उभा राहिला आणि सांगत सुटला. गोगलगाय सांगितली, दात सांगितला, पंचवीस मणी बोटांवर मोजून दाखवले. वेदना मेंदूपर्यंत कशी जाते आणि हा धागा तिला दारातच कसा अडवतो, ते सांगितलं. रुग्णालयात देतात त्या सगळ्यात कडक औषधापेक्षाही या जातीची पेप्टाइडं कित्येक पट जोरदार ठरतात, हेसुद्धा त्याने सांगितलं. त्यापुढे तो म्हणाला की मात्र ती थेट मणक्याजवळ द्यावी लागतात, कातडीतून आत शिरत नाहीत, कपड्यावर पडून काही उपयोग नाही. पण हे वाक्य कुणी ऐकलं नाही, कारण सासरे उठून उभे राहिले होते.

ते काठीला हात न लावता उभे राहिले होते. त्यांनी उजवा पाय वाकवला, सरळ केला, पुन्हा वाकवला.

"दुखत नाही," ते म्हणाले.

"बाबा, तो योगायोग आहे."

"चार वर्षांत एकदाही झाला नाही हा योगायोग," सासरे म्हणाले आणि बाकाला एक फेरी मारून आले.

मग जे झालं त्यावर मिलिग्रॅमचा काही ताबा उरला नाही. हेडमास्तरांनी दोन मिनिटांसाठी स्वेटर मागितला. सासऱ्यांनी अंगातून काढायला साफ नकार दिला, पण मोठ्या मनाने उजवी बाही त्यांच्या कमरेला टेकवून धरली. हेडमास्तरांनी डोळे मिटले आणि थोड्या वेळाने उबदार वाटतं आहे असं जाहीर केलं. लोकरीचं आहे, वाटणारच, असं मिलिग्रॅम म्हणाला. शिंपीकाकांनी आपला खांदा पुढे केला. तोवर फिरायला आलेल्या दोन बायका काय चाललंय ते बघायला थांबल्या आणि त्यांतल्या एकीने मानेचं सांगितलं. प्रत्येक वेळी बाही कुणाला तरी घासली की मिलिग्रॅमच्या डोळ्यांसमोर पावडरचा एकेक कण बागेच्या गवतावर पडत होता. त्याने दोन्ही हातांची ओंजळ बाहीखाली धरली आणि तसाच वाकून तो रांगेबरोबर पुढे सरकत राहिला.

अशात मॅडमचा फोन आला. सॅम्पल पॅक झालं का, हे त्यांना हवं होतं.

"जवळजवळ," मिलिग्रॅम म्हणाला.

"जवळजवळ म्हणजे? कुठे आहे ते?"

"अंगावर आहे, मॅडम."

मॅडमनी पलीकडे पेन खाली ठेवल्याचा आवाज आला. मग त्यांनी शांतपणे विचारलं, "कोणाच्या?"

मिलिग्रॅमने नेटवर्क गेल्याचं नाटक केलं. तो नाटकात कच्चा असल्यामुळे "हॅलो, हॅलो, नेटवर्क गेलं आहे मॅडम," असं त्याने स्पष्ट आवाजात सांगितलं आणि फोन ठेवला.

आता त्याने सासऱ्यांना हात जोडले. सहा आठवडे सांगितले, पाच महिने सांगितले, शेजारचा गट सांगितला. चारच्या आत पावडर गेली नाही तर आपल्या हातातलं काम जाईल आणि पुन्हा मिळणार नाही, हेही सांगितलं. सासऱ्यांनाही वाईट वाटलं. त्यांनी जावयाच्या पाठीवर हात ठेवला. फक्त स्वेटर काढला नाही.

"जावईबापू, तुम्ही दुसरं बनवा," ते म्हणाले. "तुम्हाला येतं. मला दुसरा गुडघा कुठून आणता येणार?"

हा पेच सोडवला सासूबाईंनी. मुलीकडून विष एवढा एकच शब्द ऐकून त्या चपला उलट्यासुलट्या घालून बागेत आल्या होत्या. नवरा ठणठणीत आहे हे त्यांनी एका नजरेत पाहिलं, जावई रडकुंडीला आला आहे हे दुसऱ्या नजरेत पाहिलं, आणि विचारलं, "कुठल्या बाहीला लागलंय?"

"उजव्या, आई. मनगटापासून कोपरापर्यंत."

"मग आख्खा स्वेटर कशाला मागता? बाही मी वेगळी विणून खांद्याला शिवली आहे." त्यांनी शिंपीकाकांकडे हात पुढे केला. दुकान बंद करून दहा वर्षं झाली तरी शिंपीकाका खिशात छोटी कात्री ठेवत. सासूबाईंनी सासऱ्यांना बाकावर बसवलं, खांद्याची शिवण टाका टाका करत उसवली, आणि उजवी बाही अलगद ओढून मिलिग्रॅमने पसरलेल्या स्वच्छ पिशवीत सोडली. सासऱ्यांचा उजवा हात थंडीत उघडा पडला. त्यांनी पिशवीकडे असं पाहिलं, की मिलिग्रॅमला क्षणभर आपणच चोर आहोत असं वाटलं.

साडेबारा वाजता बाही लॅबमध्ये पोचली. मिलिग्रॅमने खुंटीवरचा ॲप्रन चढवला, बाही मोठ्या चंचुपात्रात घातली, द्रावणात भिजवली, हलवली, पिळली, गाळली. गाळलेलं पाणी निळं आलं. लोकरीचा रंग. ते त्याने दोनदा साफ केलं आणि मशीनमध्ये सोडलं. हे मशीन मिश्रणातला एकेक घटक वेगळा करून कागदावर त्याचं शिखर काढतं. त्याचं पेप्टाइड नेहमी सतराव्या मिनिटाला येई, वेळेचं अगदी पक्कं. मिलिग्रॅम पडद्यासमोर उभा राहिला. तिसऱ्या मिनिटाला कपडे धुण्याचा साबण आला. नवव्या मिनिटाला रंग आला. बाराव्या मिनिटाला एक जाडजूड शिखर आलं, जे त्याने वास घेऊन ओळखलं. ते शिंपीकाकांच्या खांद्याचं मलम होतं. सतराव्या मिनिटाला रेघ सरळ राहिली. त्याने पुन्हा एकदा चालवून पाहिलं. मलम आणखी स्पष्ट आलं.

तीन वाजायला आले होते. मिलिग्रॅम निळ्या बोटांनी मॅडमच्या केबिनमध्ये गेला आणि त्याने सगळं सांगितलं. स्वेटर, सासरे, बाग, बाही. नेटवर्क गेलं नव्हतं हेसुद्धा सांगितलं. तो बोलायचा थांबल्यावर त्या उठल्या आणि वजनकाट्याच्या खोलीत गेल्या. तो मागोमाग.

"आज सकाळी काय तोललंस?"

"व्हायल, मॅडम."

"उघडी?"

"उघडीच. काल उघडी तोलली होती, म्हणून आजही."

"आणि झाकण?"

वजनकाट्याच्या टेबलावर काट्याशिवाय काहीही ठेवायचं नाही, हा मॅडमचाच नियम होता. त्यामुळे व्हायल उघडली की झाकण एका छोट्या स्वच्छ डबीत जायचं आणि डबी ॲप्रनच्या खिशात. लॅबमधल्या सगळ्यांच्या हाताला हे इतकं वळण पडलं होतं की झाकण नावाची वस्तू जगात आहे याचाच विसर पडावा. मिलिग्रॅमने खिशात हात घातला. डबी तिथेच होती.

मॅडमनी झाकण चिमट्याने उचललं आणि उजेडात धरलं. आतलं रबर पांढरं होतं आणि त्यात वेगळं काही दिसत नव्हतं. त्यांनी तसंच दुसरं कोरं झाकण आधी तोललं, मग हे. काट्यावरचे आकडे थोडे डळमळले आणि थांबले. हे झाकण तीन पूर्णांक नऊ मिलिग्रॅमने जड होतं. स्वेटरने पावडरला उडी मारायला लावली होती खरी, पण पावडर बाहेर पडली नव्हती. ती सरळ वर गेली होती आणि रबराला चिकटून रात्रभर तशीच बसली होती.

सहा आठवडे, पाच महिने आणि नोकरीतली सगळी इभ्रत सकाळभर खुंटीवर टांगलेली होती आणि मिलिग्रॅम बागेत ओंजळ धरून फिरत होता. त्याला हसू आलं आणि लगेच रडूही आलं.

"दोन थेंब पाण्यात धुऊन घे, व्हायलमध्येच गोठव आणि तसंच पाठव," मॅडम म्हणाल्या. "मी त्यांना फोन करून सांगते. आणि ती बाही आता पिळून वाळत घाल. सासूबाईंनी मेहनत केली आहे."

चारला पाच कमी असताना बर्फाचा डबा गाडीत चढला.

घरी परतताना मिलिग्रॅमच्या पिशवीत धुतलेली, थोडी आटलेली बाही होती आणि मनात एकच निश्चय होता, की बाबांना खरं सांगून टाकायचं. स्वेटरवर काहीही नव्हतं. कधीच नव्हतं. शास्त्राचा माणूस आहे आपण, सासऱ्याच्या गुडघ्याला काय खोटं सांगायचं?

दार उघडलं तर घरात गर्दी. हेडमास्तर आणि शिंपीकाका कोचावर बसलेले, बायको चहा देत होती, आणि सासरे एका बाहीचा स्वेटर घालून खोलीच्या मध्यभागी उभे होते. काठी कोपऱ्यात होती. दुपारी ते दोन जिने चढून गच्चीवर जाऊन आले होते, हे बायकोने त्याला दारातच सांगितलं. चार वर्षांत पहिल्यांदा.

"गुडघा एकदम झकास," सासरे म्हणाले. "फक्त तुम्ही बाही नेल्यापासून उजवं कोपर ठणकायला लागलंय."

"बाबा, मला तुम्हाला काही सांगायचंय."

स्वयंपाकघराच्या दारातून सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्या हळूच म्हणाल्या, "आज हे माझ्याबरोबर गच्चीवर आले होते हो. नुसते बसलो आम्ही वर, अर्धा तास." आणि आत निघून गेल्या.

होय, बाहीवर होतं, असं म्हणायचा मोह मिलिग्रॅमला झाला. पण आज एकदा खोटं बोलून झालं होतं, आणि ते त्याला किती जमतं हेही कळलं होतं. त्याने बाही सासऱ्यांच्या हातात दिली.

"तपासली मी ही, बाबा. दोनदा. मशीन लावून."

"मग? किती निघालं हिच्यावर?"

कोचावरचे दोघे पुढे सरसावले. बायकोने कप खाली ठेवला.

"शून्य मिलिग्रॅम," मिलिग्रॅम म्हणाला. "शून्य पूर्णांक शून्य."

सासऱ्यांनी बाही उलटसुलट करून पाहिली. मग त्यांनी गुडघा एकदा वाकवला, सरळ केला, आणि जावयाच्या खांद्यावर हात टाकून ते मित्रांकडे वळले. जन्मभर टनांत बोललेल्या त्या माणसाचा आवाज अभिमानाने भरून आला होता.

"ऐकलंत ना हेडमास्तर?" ते म्हणाले. "शून्य मिलिग्रॅम. एवढ्यात माणूस जिना चढतो. आमच्या जावयाने बनवलंय ते."